पुराच्या रेघेवरचा प्लग

सांगलीच्या शामरावनगरात घर असलेला माणूस भिंतीवर काहीही बसवायचं म्हटलं की आधी एकच विचारतो, २०१९ ला पाणी कुठपर्यंत होतं? इन्व्हर्टर, देव्हारा, धान्याची कोठी, मिक्सरचा पॉइंट, सगळ्यांची उंची त्या उत्तरावर ठरते. आमच्या जिन्याच्या भिंतीवर ते उत्तर लिहिलेलंच आहे. पुरानंतर घर रंगवताना अण्णांनी पेंटरला चार बोटं रुंदीची एक आडवी पट्टी तशीच सोडायला लावली. त्या पट्टीत गाळाचा तपकिरी काठ अजून दिसतो. माझ्या छातीला लागतो. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, हे आकडे सांगलीत शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं. त्या वेळी थोडं खाली थांबलं, पण घरात आलंच.

तर अशा घरात विजेची गाडी घ्यायची म्हणजे चार्जिंगचा पॉइंट कुठं काढायचा, हा प्रश्न गाडीच्या रंगाआधी आला. आणि त्या प्रश्नाच्या मागोमाग घराबद्दलचे असे काही प्रश्न आले, की गाडी नसती तर ते आम्ही कधीच विचारले नसते. हा लेख त्यांच्याबद्दल आहे. गाडी कशी चालते हे सांगणारे पुष्कळ जण आहेत. घर तिला वीज कशी देतं, याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

मी तासगावला शिकवते. माधवनगर, कवलापूर, कुमठे फाटा करत जाऊन-येऊन साधारण ५० किलोमीटर होतात. गाडी घेतली ती टियागो ईव्ही, २४ युनिटच्या बॅटरीची. भेटेल तो एकच विचारायचा, ‘एका चार्जिंगमध्ये किती जाते?’ लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यानं हे विचारावं. ज्याची गाडी रोज रात्री आपल्याच दारात उभी राहते, त्यानं वेगळा हिशेब करावा: दिवसा जेवढी खर्च झाली तेवढी रात्रीत भरते का? छोटी गाडी एका युनिटमध्ये आठ-नऊ किलोमीटर जाते. म्हणजे माझ्या ५० किलोमीटरला सहा युनिट. भिंतीतून घेतलेली सगळी वीज बॅटरीत पोचत नाही, दहा घेतले तर नऊच्या आसपास पोचतात, म्हणून सात धरू. १५ अँपिअरच्या साध्या पॉवर सॉकेटवरून तीन किलोवॅटनं भरलं तर अडीच तासांत काम होतं. माणसं झोपतात सात तास. कंपनीच्या आकड्याप्रमाणे ही बॅटरी १० टक्क्यांवरून १०० ला न्यायला अशा सॉकेटवर पावणेनऊ तास लागतात. पण रोज कोण १० टक्क्यांवर येतंय?

म्हणून ७.२ किलोवॅटचा मोठा वॉल बॉक्स नको, हे मी आधीच ठरवलं. माझं आजही हेच मत आहे. तो ३२ अँपिअर ओढतो. खांबावरून आलेली आमची सर्व्हिस वायर जुनी, घर सिंगल फेजवर, आणि त्याच डीपीवर गल्लीतली बाकीची घरं. रात्री अडीच तासांत होणारं काम सव्वा तासात उरकण्यासाठी एवढा भार कशाला घ्यायचा? ज्याचं रोजचं फिरणं दीडशे-दोनशे किलोमीटर आहे, त्यानं जरूर घ्यावा. बाकीच्यांनी तो पैसा वायरिंगवर घालावा.

तिथंच सगळं अडलं.

गाडीबरोबर येणाऱ्या चार्जरची केबल मध्येच एका डब्यातून जाते. आपल्याला वाटतं तो डबा म्हणजे चार्जर. खरं तर भिंतीतल्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी करणारा चार्जर गाडीच्या पोटात असतो आणि हा डबा असतो पहारेकरी. प्लग लावला की तो आधी अर्थिंग तपासतो. मग केबलच्या टोकाची गन गाडीत बसली की पायलट नावाच्या बारक्या पिनेवरून सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारा एक इशारा गाडीकडे जातो. त्या इशाऱ्यात चालूचा वाटा किती आणि बंदचा किती, त्यावरून गाडीला कळतं की इथून जास्तीत जास्त किती अँपिअर घ्यायचे. गाडी ‘तयार’ म्हणाली की डब्यातला कॉन्टॅक्टर नावाचा स्विच ‘टक्’ करून बसतो आणि मग वीज सुरू होते. तोवर गनच्या जाड पिनांमध्ये काहीही नसतं. पावसात ओल्या हातानं गन लावायला लोक घाबरतात, त्यांना मी हे मुद्दाम सांगते.

आमच्याकडे तो ‘टक्’ आलाच नाही. डब्यावर लाल दिवा लागला. गिझरच्या पॉइंटवर लाल, वॉशिंग मशीनच्या पॉइंटवर लाल, स्वयंपाकघरात लाल. बसवायला आलेल्या मुलानं मीटर लावून बघितलं, ‘घराचं अर्थिंग करून घ्या, मग फोन करा’ म्हणाला आणि पुढच्या घरी गेला.

मग आम्ही वायरमन मामांना बोलावलं. ते काही कुणाचे मामा नव्हेत, पण आमच्या भागात सगळे त्यांना मामाच म्हणतात. मामांकडे मल्टिमीटर असतो, पण आधी ते दोन वायरी जोडलेला बल्ब काढतात. फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, बल्ब लख्ख लागला. फेज आणि अर्थच्या भोकात धरला, काहीच नाही.

‘ताई, गाडी बरोबर सांगतीया,’ ते म्हणाले. ‘ह्या घराला अर्थिंगच न्हाई.’

‘असं कसं? सगळीकडे तीन पिनांचे सॉकेट आहेत.’

‘भोकं तीन हायत. वायरी पण तीन हायत. पर ती हिरवी वायर जात्या कुठं, ते बघाय पाहिजे.’

हिरव्या वायरीचा माग काढत ते न्हाणीघरामागच्या बोळात गेले. तिथं भिंतीतून वायर बाहेर येऊन पाण्याच्या पाइपला क्लॅम्पनं बांधलेली होती. नव्वदच्या दशकात घर बांधलं तेव्हाची ही रीत. नळाचा लोखंडी पाइप जमिनीतून लांबवर गेलेला असायचा, त्यालाच अर्थिंग समजायचं. पुढं २००५ च्या पुरानंतर गंजलेली लाइन बदलली आणि सगळीकडे पीव्हीसी आलं. भिंतीत राहिला तो हातभर लोखंडी तुकडा, दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकला जोडलेला. हिरवी वायर त्याच तुकड्याला बांधलेली. प्लंबरनं आपलं काम चोख केलं होतं. वायरिंगवाल्यानंही त्याच्या काळी केलं होतं. दोघांच्या मधली गोष्ट कुणाचीच नव्हती, म्हणून ती वाऱ्यावर राहिली.

मामा बोळातून आत आले आणि आईला म्हणाले, ‘वहिनी, फ्रिजला झिणझिण्या येत असतील न्हवं?’

आई म्हणाली, ‘येतात की. म्हणून तर चप्पल घालते.’

फ्रिजसमोर आईची रबरी चप्पल कायम असते. ओल्या हातानं फ्रिज उघडायचा नाही, मशीन चालू असताना नळाला हात लावायचा नाही, हे नियम मी लहानपणापासून ऐकत आले. उंबऱ्यावर बसू नये, संध्याकाळी केर काढू नये, त्याच रांगेतला हाही एक नियम असं मला वाटायचं. एक अख्खं घर एका दोषाभोवती आपलं वागणं बेतून घेत होतं आणि त्याला घरची शिस्त म्हणत होतं. त्या दिवशी मला याचा फार त्रास झाला. गाडीनं पहिल्या मिनिटाला जे नाकारलं, ते आईनं इतकी वर्षं चप्पल घालून निभावलं होतं.

यातला खरा धोका मामांनी समजावला तेव्हा अण्णाही गप्प झाले. प्रत्येक यंत्राचा लोखंडी सांगाडा हिरव्या वायरीला जोडलेला असतो. ती वायर जमिनीत पोचत असेल तर गळती झालेली वीज जमिनीत जाते. पोचत नसेल तर? तर ती वायर घरातले सगळे सांगाडे एकमेकांना जोडून ठेवते, एवढंच तिचं काम उरतं. म्हणजे गिझर गळत असेल तर झटका फ्रिजला बसू शकतो. अर्थिंग नसलेल्या घरात तीन पिनांचा सॉकेट असा उलटा उठतो.

अर्थिंगचा खड्डा मागच्या अंगणात, धुणं धुण्याच्या दगडापाशी घ्यायचं ठरलं, म्हणजे माती ओली राहील. महिना मे. आमच्याकडची काळी माती मे महिन्यात कशी असते, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. वर तळहात आत जाईल एवढ्या भेगा आणि पहार मारली तर खणखण आवाज. दोन गडी सकाळपासून लागले, तेव्हा दुपारी कुठं कमरेएवढं झालं. त्याखाली मात्र माती एकदम बदलली. काळीशार, थंड, खोऱ्याला चिकटून बसणारी. एक गडी मूठभर माती वळून म्हणाला, ‘ही बघा, गणपतीला चालंल.’

ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. अर्थिंगच्या दृष्टीनं तिचा गुणही तोच आणि दोषही तोच. ओली असली की वीज छान घेते. पण वाळून आकसली की पाइपापासून सुटते आणि मध्ये हवा राहते. मामांचं म्हणणं असं की अर्थिंग तपासायचं तर उन्हाळ्यातच. ‘पावसाळ्यात समद्यांचंच अर्थिंग चांगलं असतंय. खरी परीक्षा मे म्हैन्यात.’ ज्यांच्याकडे जूननंतर गाडी येते आणि झकास चार्ज होते, त्यांना पुढच्या एप्रिलमध्ये अचानक लाल दिवा का दिसतो, याचं उत्तर बहुतेक वेळा याच वाक्यात असतं. लोक चार्जर बदलायला धावतात. आधी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून बघावं.

अर्थिंगसाठीचं भारतीय मानक आयएस ३०४३. त्यात पाइपाची लांबी किमान अडीच मीटर सांगितली आहे. पूर्वी पाइपाभोवती कोळसा आणि मीठ यांचे थर देत. मीठ ओल धरून ठेवतं खरं, पण लोखंडही खातं. दहा-पंधरा वर्षांनी उकरलं तर पाइपाची चाळण झालेली सापडते. आम्ही तांब्याचा मुलामा दिलेला रॉड आणि भोवती बेंटोनाइटचं मिश्रण घातलं. गंमत अशी की बेंटोनाइट आणि आपली काळी माती यांचं फुगणं-आकसणं मुळात एकाच जातीच्या चिकणमातीमुळे होतं. फक्त बेंटोनाइट पाणी जास्त धरतं आणि ते सहज सोडत नाही. वर विटांचा छोटा हौद केला, त्यावर झाकण. उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी.

दुसऱ्या दिवशी मामांनी अंगणात लांब दोन खुंट्या ठोकून टेस्टर लावला. पाच ओहमच्या आत हवं म्हणतात, आमचं तीनच्या आत आलं. न्यूट्रल आणि अर्थ यांमधलं व्होल्टेज दोनच्या खाली. गाडीच्या डब्यावर हिरवा दिवा लागला आणि मग तो ‘टक्’. अण्णांनी पुन्हा प्लग काढायला लावला आणि पुन्हा लावून ऐकला.

इथं एक हिशेब सांगते, कारण अर्थिंग झालं की काम झालं असं फार जणांना वाटतं. समजा अर्थिंग अगदी पाच ओहम आहे आणि कुठंतरी फेज थेट गाडीच्या पत्र्याला लागली. २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर जमिनीत जाणार. चार्जिंगच्या लाइनला २० अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच असतो. तो तत्क्षणी पडायला पाच ते दहापट, म्हणजे १०० ते २०० अँपिअर लागतात. ४६ ला तो आधी तापणार आणि मग सावकाश पडणार. तोवर पत्रा जिवंत. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला वाचवण्यासाठी आरसीसीबी लागते. ३० मिलिअँपिअरची वीज वाट चुकली तरी ती क्षणात पडते. बरं, तीही कुठली? खोक्यावर नुसती एक लहर काढलेली असते ती एसी टाइप. लहरीखाली अर्ध्या कमानी काढलेल्या असतात ती ए टाइप. गाडीच्या चार्जरमधून डीसीची गळती होऊ शकते आणि तिच्यामुळे एसी टाइपची आरसीसीबी आंधळी होते, ऐन वेळी पडत नाही. म्हणून किमान ए टाइप. दुकानात पहिल्यांदा हातात मिळते ती बहुधा एसी टाइप, कारण ती स्वस्त आणि जास्त खपणारी. दुकानदाराकडे खोकं मागून चित्र स्वतःच्या डोळ्यांनी बघावं.

मामांनी त्याच झपाट्यात घराच्या मुख्य डीबीतही, म्हणजे जिथून सगळ्या लाइनी फुटतात त्या पेटीत, एक आरसीसीबी बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी गिझर लावला आणि ती पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. गिझरचं एलिमेंट गळत होतं. किती वर्षांपासून, ते सांगायला आता कुणी नाही. एलिमेंट बदललं. फ्रिजसमोरची चप्पल आईनं आठवडाभर तशीच ठेवली होती, मग एके दिवशी मीच ती उचलून मागच्या दाराशी नेऊन ठेवली.

आता उंचीकडे येते.

पहिला विचार पोर्चच्या खांबावर पॉइंट काढायचा होता. गाडीला सगळ्यात जवळ, सोयीचा. पण तो रेघेच्या दोन फूट खाली येत होता. पोर्च घरापेक्षा खाली, त्यामुळे रेघेच्या वर काढला तर आईचा हात पोचत नाही, आणि पुराच्या धावपळीत स्टूल शोधत बसायचं का? उत्तर जिन्यानं दिलं. पहिल्या वळणावर जो चौथरा आहे तिथं उभं राहिलं की भिंतीवरची पेटी सरळ हाताला येते आणि ती रेघेपासून दीड फूट वर असते. तिथून केबल जिन्याच्या खिडकीतून पोर्चमध्ये उतरते. केबलची लांबी मोजून गाडी उलटी लावायची ठरली, म्हणजे गन आरामात पोचते. एक्स्टेंशन बोर्ड वापरायचा नाही, यावर मामा आणि मी दोघंही ठाम होतो.

वायर चार एमएमची, डीबीपासून थेट, मध्ये एकही जॉइंट नाही. आणि पाइप खालून आणला नाही. हे सांगलीतल्या प्रत्येकानं ऐकावं असं मला वाटतं. जमिनीतून किंवा भिंतीच्या पायथ्यातून नेलेल्या पाइपात पुराचं पाणी शिरतं, गाळ बसतो आणि बाकी घर वाळलं तरी तो आतून ओला राहतो. २०१९ नंतर आमच्या गल्लीत दिवाळीपर्यंत लोकांचे एमसीबी पडत होते, ते याच कारणानं. म्हणून आमचा पाइप स्लॅबखालून येतो आणि वरून खाली पेटीत उतरतो. तळमजल्यावरचे खालचे सॉकेट एका वेगळ्या एमसीबीवर घेतले आहेत. पाणी अंगणात आलं की तो एक खाली पाडायचा, वरचे दिवे चालू राहतात.

सॉकेट मात्र मामांना मॉड्युलर लावायचा होता आणि मी निळा इंडस्ट्रियल घ्यायला लावला. तीन किलोवॅटचा गिझर तेराएक अँपिअर ओढतो ती पाच-दहा मिनिटं, तीही थांबत थांबत. गाडी तेवढंच तासन् तास ओढते, न थांबता. सॉकेटातली पितळी पट्टी जरा सैल झाली की तिथं उष्णता धरते, उष्णतेनं ती आणखी सैल होते आणि एक दिवस प्लगच्या पिनेभोवती तपकिरी वर्तुळ दिसतं. कॉलेजातल्या एका सहकाऱ्याच्या घरी ते मी पाहिलं होतं. प्लॅस्टिक वितळून पिन आतच चिकटलेली. त्यातून चार्जरचा तो डबा जड. आधार दिला नाही तर सगळं वजन प्लगवर येतं आणि सॉकेट आणखी लवकर सैल होतो. आम्ही पेटीशेजारी लोखंडी पट्टीचा हूक ठोकला आहे, डबा त्यावर बसतो. नवीन सॉकेट लावला की पहिले काही दिवस तासाभरानं प्लगला हात लावून बघावा. कोमट चालतो. हात पटकन मागं घ्यावासा वाटला तर चार्जिंग बंद करून वायरमनला बोलवावं.

बिलाबद्दल थोडक्यात. महिन्याला दीडशेच्या पुढं युनिट वाढतात. महावितरणचा दर टप्प्यांचा आहे. पहिले शंभर युनिट स्वस्त, त्यापुढं तीनशेपर्यंत जवळपास दुप्पट आणि तीनशेच्या वर आणखी महाग. म्हणून ‘एक युनिट इतक्याला, म्हणजे एक किलोमीटर इतक्याला’ असा सरळ हिशेब लागत नाही. गाडीचे युनिट तुमच्या बिलात सगळ्यात वरच्या टप्प्यात जाऊन बसतात, त्याच दरानं ते मोजावेत. तसे मोजले तरी पेट्रोलच्या मानानं खर्च बराच कमी येतो. बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो वाढवून घ्यायला मात्र आळस करू नये. वेगळं मीटरही मागता येतं. २०२४ मध्ये केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत तशी दुरुस्ती झाली आहे. आमच्यासारख्या स्वतंत्र घराला त्याची तेवढी गरज नाही.

अण्णांचा प्रश्न वेगळाच होता. एका रात्री गाडी लावून वर आले आणि म्हणाले, ‘ही वीज कोयनेची का गं?’ त्यांच्या पिढीला वीज म्हटलं की कोयनाच आठवते. १९६७ च्या ११ डिसेंबरचा भूकंप त्यांना लख्ख आठवतो, सगळे अंगणात झोपले होते. मी खरं ते सांगितलं. रात्री दोन वाजता आपल्या गाडीत जाणारी वीज बहुतांशी कोळशाची. कोयनेची १,९६० मेगावॅटची यंत्रं मुख्यतः मागणी चढते तेव्हासाठी राखलेली असतात, आणि त्यांना वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेकडं वळवायची मर्यादा आहे. ते पाणी घाट उतरून पोफळीकडे जातं, आपल्याकडे येतच नाही. आपल्याकडे येतं ते धरणातून खाली सोडलेलं, कराडला कृष्णेत मिळून. अण्णा थोडा वेळ विचार करून म्हणाले, ‘म्हणजे वीज तिकडं आणि पूर इकडं.’ हिशेब इतका सरळ नाही, पुरामागं आणखी पुष्कळ कारणं आहेत आणि त्यावर सांगलीत दर पावसाळ्यात वाद होतो. पण सात-आठ दिवस वरच्या मजल्यावर पाण्यात अडकून काढलेल्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना मला वाद घालावासा वाटला नाही. छपरावर सोलर घ्यायचं आमचं ठरलंय. मग निदान रविवारी दुपारी भरलेली गाडी आपल्याच उन्हावर चालेल.

पुराशी संबंधित एक गोष्ट विजेच्या गाडीच्या पुस्तकात सापडत नाही, ती इथं शिकावी लागते. एरवी मी गाडी ८० टक्क्यांपर्यंत भरते आणि अधूनमधून पूर्ण शंभर करते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र कोयनेचा विसर्ग वाढवल्याची बातमी आली की त्याच रात्री शंभर. कारण पाणी वस्तीत शिरू लागलं की महावितरण सुरक्षेसाठी त्या भागाची लाइट आधी बंद करतं, आणि ते बरोबरच आहे. तेव्हा गाडीत २० टक्के असतील तर ती दारातच अडकली. पेट्रोलची गाडी बाटलीभर पेट्रोल ओतून हलवता येते, हिला ते नाही. बॅटरी आयपी ६७ आहे म्हणून निर्धास्त राहणारेही भेटतात. आयपी ६७ चा अर्थ मीटरभर पाण्यात अर्धा तास. आपल्याकडे पाणी चार-चार दिवस हलत नाही. आयर्विनला पातळी चाळिसाकडे निघाली की आमची गाडी विश्रामबागला मावशीच्या दारात जाते. तिथंही मामांनी अर्थिंग तपासून एक निळा सॉकेट काढून दिला आहे. मावशीकडे गाडी नाही, पण तिनं स्वतःहून करून घेतला. ‘पुरात तुम्ही सगळे माझ्याकडेच येता, गाडीनं काय पाप केलंय?’ म्हणाली.

माझी खरी काळजी अपार्टमेंटची आहे. आमच्या आजूबाजूला नवी बांधकामं उठतायत. खाली पार्किंग, वर चार मजले. पुराच्या भागात ही रचना शहाणपणाची, पाणी आलं तरी घरं वर राहतात. पण मीटरची खोली त्याच पार्किंगमध्ये, जमिनीला लागून. पुढच्या काही वर्षांत त्या पार्किंगमध्ये निम्म्या गाड्या विजेच्या असतील आणि प्रत्येक जण आपापल्या मीटरपासून गाडीपर्यंत वायर ओढेल, कुणी भिंतीच्या कडेनं, कुणी गटारावरून. बांधतानाच मीटरची खोली पहिल्या मजल्याच्या उंचीवर घेतली, प्रत्येक पार्किंगच्या जागेपर्यंत स्लॅबखालून एक रिकामा पाइप टाकून ठेवला आणि सगळ्या इमारतीसाठी दोन चांगले अर्थिंगचे खड्डे घेतले, तर इमारतीच्या एकूण खर्चात तो खर्च कुणाच्या लक्षातही येणार नाही. नंतर करायला गेलं की भिंती फोडाव्या लागतात आणि सोसायटीच्या बैठकीत वर्ष जातं.

फ्लॅट बघायला जाल तेव्हा मॉड्युलर किचन आणि लिफ्ट बघून झाली की बिल्डरला एवढं विचारा: २०१९ ला इथं पाणी कुठपर्यंत होतं, मीटर त्याच्या वर आहेत का, आणि अर्थिंगचा खड्डा कुठं आहे तो दाखवा. खड्ड्याचं झाकण उघडून दाखवायला सांगा. आमच्या कोपऱ्यावरच्या इमारतीत एका नवीन जोडप्यानं मागच्या महिन्यात हे तिन्ही प्रश्न विचारले. खड्डा सापडला नाही. बिल्डरनं आता मामांना बोलावलं आहे, आणि मेच्या आत काम उरकायचं म्हणून मामा तिथं गडी लावून बसले आहेत.